रोजचा खोटा व्हायरस

सिंगापूरला पुंगोलहून निघणाऱ्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सकाळी कुणी जप करतं, कुणी डुलकी काढतं. माझ्या शेजारी उभे राहणारे एक मराठी गृहस्थ मात्र फोनवरून स्वतःच्याच ऑफिसला व्हायरस पाठवत. खोटा हं, चाचणीपुरता. ऑफिसच्या लिनक्स मेल सर्व्हरवरचा व्हायरस स्कॅनर ते सांभाळत आणि तो जागा आहे ना, हे असं तपासत. मेल नाकारल्याचा निरोप आला, की मुलगी वर्गात पहिली आल्यासारखे खुलत.

एकदा त्यांच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड दिसलं नाही.

“साहेब म्हणाले, आपल्याकडे व्हायरस कधी येतच नाही, मग तुम्ही करता काय? नोकरी गेली. आता इथे राहायचा पासही जाईल. मुलीची शाळा अर्ध्यावर.”

बोलता बोलता त्यांनी सवयीने मेल पाठवली. सेरंगून गेलं, लिटल इंडिया गेलं, निरोप काही आला नाही.

“आत गेला,” ते म्हणाले. “कालही गेला होता.”

“अहो, मग कळवा की त्यांना.”

“कळवलं ना. साहेब खूश आहेत. म्हणाले, तुम्ही गेल्यावर तो स्कॅनर बंद करून टाकला, आता मेल किती पटापट येतात.”