एक्केचाळीस जणांची स्ट्रीक

आमच्या शिवणखान्यात काज-बटणांवर बसणाऱ्या बाईला सगळे आत्या म्हणायचे. मी कटिंग मास्तर, वयानं मोठा, तरी आत्याच म्हणायचो. खरी आत्या ती एकाच पोरीची. आईबाप गेलेले, हिनंच वाढवली, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही.

पोरगी हॉस्टेलवर गेली. तिथं फोन फक्त रविवारी तासभर. म्हणून जाताना तिनं मित्रमैत्रिणींना फोटो पाठवायच्या ॲपवरचं आपलं खातं आत्याच्या फोनवर चालू करून दिलं. “रोज एक्केचाळीस जणांना एकेक फोटो पाठवायचा, तेही पाठवतात. एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटते, सगळे दिवस शून्यावर! परीक्षा होईपर्यंत सांभाळ, मग सुट्टीभर तुझ्याकडेच राहते.”

झालं! आत्यानं पोरीच्या सामानासाठी घरातली एक फळी रिकामी केली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत फोटो सुरू. आज निळी बटणं, उद्या झकास जमलेलं काज. उत्तरं काय, तर कुणाचं अर्धं कपाळ, कुणाचा पंखा, कुणाची उशी.

“पोरं दमत असतील हो,” ती म्हणायची. डोंबल दमतात!

एका सोमवारी मशीनची सुई तिच्या उजव्या बोटातून आरपार गेली. रक्तानं भिजलेल्या पट्टीचा फोटो तिनं पाठवला. एक्केचाळीस उत्तरं आली. पंखा, कपाळ, उशी. एकानंही विचारलं नाही, काय झालं म्हणून. ती मात्र दिवसभर फोन उघडून बघत होती.

डॉक्टरकडे चला म्हणून मी घसा कोरडा केला, पण ऐकेल तर शपथ. बोट काळंनिळं पडलं. शनिवारी कापावं लागलं. तिचा फोन दिवसभर माझ्या खिशात बंद.

रविवारी दवाखान्यात चालू केला, तोच वाजला. मी स्पीकर लावला.

“आत्या, काल पाठवलं नाहीस? सगळ्या स्ट्रीक गेल्या! दोनशे ब्याऐंशी दिवस!”

माझं टाळकंच सरकलं. “अगं ए, तुझ्या आत्याचं बोट कापलंय काल!”

मला वाटलं, आता रडेल बिचारी.

“मास्तरकाका, पण दुसरा हात होता ना?”

मी तोंड उघडणार, तोच आत्या घाईनं म्हणाली, “चुकलंच गं माझं. सुट्टीत येशील ना?”

“बघू.” फोन बंद.

आत्यानं डाव्या हातानं फोन घेतला. समोरच्या भिंतीचा फोटो काढला आणि एकेकाला पाठवायला लागली.

“पहिल्यापासून धरते,” म्हणाली. “सुट्टीपर्यंत होतील की बरेच दिवस.”