सीडीच्या मागचा ए

मावशीच्या गाण्यांची सीडी निघायची ठरली, तेव्हा कव्हरवरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. मी मान डोलावली. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

मावशी हुपरीची. दिवसभर घरच्या कारखान्यात चांदीचे पैंजण जोडायची आणि संध्याकाळी विहारात भीमगीतं गायची. मी चौथीत असताना तिची गाणी टेपवर रेकॉर्ड झाली. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि वरचा सूर गेला तो गेलाच. त्यानंतर विहारात ती मागच्या रांगेत बसून फक्त टाळ्यांनी ठेका धरायची.

दहाएक वर्षांनी मंगळवार पेठेतल्या एका स्टुडिओवाल्यानं ती टेप कॉम्प्युटरवर घेतली. कव्हरच्या मागे तीन अक्षरं टाकायची असतात, हे त्यानंच मला सांगितलं. पहिलं रेकॉर्डिंगचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं शेवटच्या प्रतीचं. टेपवर झालेल्या कामाला ए, म्हणजे अ‍ॅनलॉग; कॉम्प्युटरवर झालेल्याला डी, म्हणजे डिजिटल. मी कागदावर लिहिलं : ए, डी, डी.

त्यानं वाकून पाहिलं. "मॅडम, तिन्ही डी टाका की. नव्या सीडीवर तसंच असतंय. कोण बघाय येतंय?"

शेजारी बसलेल्या मावशीलाही तेच हवं होतं. "ए बघितला की बायका म्हणणार, जुनी टेप हाय, ठेव बाजूला. माझं एवढंच हाय गं. दुसरं आता व्हणार न्हाय."

मी ए खोडायला पेन टेकवलंसुद्धा. पण मावशीच्या बोटांवर पैंजणाच्या कड्या डाग देऊन जोडताना भाजल्याचे व्रण होते, तिकडे लक्ष गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, साठ टंचाच्या पैंजणावर सत्तरचा शिक्का मारतेस का तू?"

टंच म्हणजे चांदीची शुद्धता. हुपरीत हा प्रश्न म्हणजे लबाडीचा आरोपच, तो कुणी कुणाला विचारत नाही. माझे कान तापले.

"आमच्या घरात?" मावशी म्हणाली. "सासऱ्यानं हात तोडला असता." मग तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "घुमी दिसतीस, पण लई आगाऊ हैस. ऱ्हाऊ द्या वो पावणं, ए ऱ्हाऊ द्या."

"मग खरखर ऐकू आली तर मला बोलायचं न्हाय," स्टुडिओवाला म्हणाला.

"गळा माझा हाय. खरखर तुमच्या मशीनची."

रविवारी विहारात सीडी लावली. मावशी दाराशी उभी, पदर तोंडाशी. मी तिच्यामागे. पहिली दोन गाणी वाजली. तिसरं सुरू झालं तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून स्पीकरजवळच जाऊन बसली.

"ढोलकीवर आमचं मालक हैत," ती म्हणाली. तिचा नवरा मध्यंतरी वारला होता. "का आता दुसऱ्या कुणी वाजवून भरलंय?"

मावशीनं कव्हर उलटं केलं आणि तिच्या पुढ्यात धरलं. "हे अक्षर बघा काकू. त्या दिवशीचंच हाय समदं. काय बदललं न्हाय."

काकूंना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मग पुन्यांदा लाव."

तिसरं गाणं त्या दिवशी चार वेळा वाजलं. शेवटच्या खेपेला मावशी पुढच्या रांगेत बसून खालच्या सुरात गात होती.