सहा नंबरचा मुद्दा

लातूरच्या एका अनुदानित कॉलेजात रेणुकादास सत्तावीस वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर होते. कोणत्या सवलतीला कोणता दाखला लागतो, हे त्यांना तोंडपाठ. माणूस वाईट नव्हता. खेड्यातल्या पोरांचे फॉर्म स्वतः भरून द्यायचे, कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. फक्त एक भीती त्यांच्या मनात घर करून होती. बारा वर्षांपूर्वी एका मुलाची रड ऐकून त्यांनी अपुऱ्या कागदांवर शिफारस लिहिली होती. चौकशीत मुलगा खोटा निघाला आणि रेणुकादासांची वेतनवाढ रोखली गेली. तेव्हापासून कागद म्हणेल तेच खरं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर कॉलेजात शासनाचा आदेश आला. साथीत ज्यांचे आई किंवा वडील गेले, त्या विद्यार्थ्यांची फी माफ करायची. रेणुकादासांनी तीन पानांचा तो आदेश दोनदा वाचला. तिसऱ्या पानावर सहा नंबरचा मुद्दा होता: कागदपत्रांत त्रुटी असेल तर कॉलेजने स्थानिक चौकशी करून शिफारस करावी. शिफारस हा शब्द वाचताच त्यांना ती रोखलेली वेतनवाढ आठवली. सही प्राचार्यांची असली तरी मसुदा आपलाच असणार, आणि अंगाशी आलं तर कारकुनाच्याच येणार. बोर्डावर लावलेल्या नोटिशीत त्यांनी तो मुद्दा घेतलाच नाही.

चौथ्या दिवशी दीपमाला आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, रेणापूरजवळच्या खेड्यातली. तिचे वडील रामलिंग शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायचे. एप्रिलात त्यांना दम लागला तेव्हा लातुरात ऑक्सिजनची खाट मिळेना. नांदेडला जागा आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिकडे नेलं, आणि तिसऱ्या दिवशी ते तिथंच गेले.

तिथल्या डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा कागद रेणुकादासांनी उलटसुलट करून पाहिला. "यावर 'श्वसनक्रिया बंद पडून' असं लिहिलंय. कोविड कुठंय?"

"सर, कोविडचंच सेंटर होतं ते. आम्हाला तोंडसुद्धा बघू दिलं न्हाई. तिकडंच जाळलं पप्पाला."

"मला कळतं गं. पण तसं लिहिलेलं पाहिजे. तिथून दुरुस्त करून आण."

तीन दिवसांनी ती परत आली. पायात तीच धुळीची चप्पल, हातात तीच प्लास्टिकची पिशवी.

"सर, ते सेंटर म्हणजे मंगल कार्यालय होतं. तिथं आता लग्नं चालू हायत. पप्पाची खाट होती ना, त्याच कोपऱ्यात नवरीला हळद लावायले होते. मॅनेजर म्हणला, डॉक्टर लोक कवाच गेले, कागदं कुठं गेली ठाव न्हाई. आलीस तर जेवून जा म्हणला."

"जेवलीस?" रेणुकादासांच्या तोंडून का कोण जाणे, निघून गेलं.

"न्हाई."

त्यांनी तिला नांदेडच्या आरोग्य विभागात अर्ज द्यायला सांगितलं. ती पुन्हा गेली. अर्ज घेतला गेला, पोचही मिळाली, पण उत्तर काही आलं नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन आली. सिंधुबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमीच लिवा ना कायतरी. आमच्या गावाला इचारा. सगळ्या गावाला ठाव हाय हिचा बाप कशानं गेला ते."

हेच तर सहा नंबरच्या मुद्द्यात लिहिलं होतं. रेणुकादासांनी समोरच्या फायलीची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"माझ्या हातात काही नाही, बाई," ते म्हणाले.

मायलेकींनी कागद पिशवीत घातले आणि त्या गेल्या. त्या संध्याकाळी कॉलेजातून फीमाफीचे तीन प्रस्ताव रवाना झाले.

दीड महिन्यानं दुसऱ्या कॉलेजातल्या मृत्युंजयचा फोन आला. तोही तिकडे शिष्यवृत्तीच्याच टेबलावर, दोघांची जुनी ओळख.

"आमचे एकोणीस गेले होते, सगळे मंजूर. तुमचे तीनच कसे?"

"बाकीच्यांचे कागद अपुरे होते."

"आमचे तरी कुठं पुरे होते? अकरा जणांची शिफारस केली. सहा नंबर वाचला नाही का?"

"वाचला होता," रेणुकादास म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला. बायको चंद्रप्रभानं विचारलं, बरं वाटत नाही का, तर मान हलवून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पुढच्याच आठवड्यात आदेशाला सात दिवसांची मुदतवाढ आली. अपुऱ्या कागदांचे बाकीचे विद्यार्थी नोटीस वाचूनच परत गेले होते, त्यांची नावंही टेबलावर नोंदलेली नव्हती. कुणी न सांगता त्यांनी दीपमालाची शिफारस लिहिली, प्राचार्यांची सही घेतली आणि अर्जावर तिची सही आणायला रेणापूरच्या बसमध्ये बसले. फी भरली नाही म्हणून एव्हाना तिचं नाव पटावरून कमी झालं होतं. कमी करण्याचं पत्रही त्यांच्याच टेबलावरून गेलं होतं.

ती रेणापुरात लसीकरणाच्या केंद्रावर सापडली. आलेल्या माणसांची नावं कॉम्प्युटरवर चढवायचं कंत्राटी काम तिला मिळालं होतं. तिनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि त्यांनी आणलेली, सहा नंबरच्या मुद्द्याचा हवाला दिलेली शिफारस सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

"हा सहा नंबर आता आलाय का, सर?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून होता."

"म्हंजे मी नांदेडला गेलते, तवा बी?"

"हो."

"आई तुमच्यापुढं उभी होती, तवा बी?"

रेणुकादासांना मान वर करता आली नाही. ती रांगेतल्या म्हातारीकडे वळून म्हणाली, "आधार दाखवा, मावशी." नंबर टाकला, नाव टाकलं, तिला आत पाठवलं. मग पेन घेतलं आणि अर्जावर सही केली.

"तू परत ये," ते घाईनं म्हणाले. "नाव पुन्हा चढवून घेण्याचं मी बघतो."

"फी माफ होईल, सर. पण आता हितला पगार सोडला तर घरात काय येणार? धाकटी बारावीला हाय. आन् अर्धं वर्ष तर गेलं."

प्रस्ताव मंजूर झाला. रेणुकादासांनी तिचं नाव पटावर परत घेतलं, ग्रंथालयाचं कार्डही काढून ठेवलं. जानेवारीपर्यंत ते रोज हजेरीपत्रक बघत होते. नंतर त्यांनी ते बघणं सोडलं.

मार्चमध्ये वरून अहवाल मागवला गेला. किती विद्यार्थ्यांना लाभ मिळाला, प्रत्येकाचा फोटो आणि त्याच्याच शब्दांत चार ओळींचं मनोगत. प्राचार्यांनी रेणुकादासांना बोलावलं.

"आपले चार आहेत ना? चौघांचं घ्या."

"सर, त्यातली दीपमाला आता शिकत नाही. तसा शेरा मारू का?"

"शेरा कशाला? फी माफ झाली ना तिची? मग ती लाभार्थीच. उगाच विचारणा ओढवून घेऊ नका."

विचारणा म्हटल्यावर रेणुकादासांनी शेऱ्याचा विषय सोडून दिला. टेबलावर येऊन त्यांनी तिला फोन लावला. मागे माणसांचा गलका चालू होता. त्यांनी अडखळत मनोगताचं सांगितलं.

"काय लिवायचं ते तुमीच लिवा, सर. हितं गर्दी हाय."

फोन बंद झाला. रेणुकादासांनी प्रवेशअर्जावरचा तिचा फोटो काढून चिकटवला. दोन वेण्या, कॉलर जरा मोठी असलेला ड्रेस, बारावी नुकतीच पास झालेली पोर. मग खाली लिहिलं: "वडिलांच्या निधनानंतर माझे शिक्षण थांबेल असे वाटले होते. शासनाच्या मदतीमुळे ते अखंड चालू राहिले. मी सर्वांची ऋणी आहे." तीनच ओळी झाल्या होत्या. चौथी ते बराच वेळ शोधत बसले, शेवटी तिच्याच नावानं लिहिली: "कॉलेजच्या कार्यालयाचे मोलाचे सहकार्य लाभले."

प्राचार्यांनी चारही मनोगतं वाचली आणि दीपमालाचं बाजूला काढलं.

"हे छान उतरलंय. हे पहिल्या पानावर घ्या."

"बरं, सर," रेणुकादास म्हणाले, आणि त्यांनी ते पहिल्या पानावर घेतलं.