उलट्या जोडलेल्या तारा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नागपुरात तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या मित्रालाही नाही. दोनदा कागद घेऊन बसलो, दोन्ही वेळा भलतंच काहीतरी लिहून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज कदाचित जमेल.

सौंसरजवळच्या एका तलावावर आमच्या वस्तीची मासेमारी चालते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या मासेमार संस्थेला सरकारी योजनेतून मासे शोधायची मशीन मिळाली. ती पाण्याखाली आवाज सोडायची आणि तो माशांना लागून परत आला की गोल तबकडीवर लाल चमक उठायची. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. दिवाळीच्या सुटीत घरी आलो तर सगळे माझी वाट बघत होते. ते मला — खोटं कशाला सांगू — फार आवडलं.

मशीन लावायची होती मोठीमायच्या डोंग्यात, तिच्या लहानशा नावेत. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. डोंगा संस्थेचा, पण मोठे बाबा तो चालवायचे. ते गेल्यावर ती घरी बसली नाही, त्याच डोंग्यात उभी राहून जाळं टाकू लागली. काही जणांना ते खुपायचं. पण तिच्या जाळ्यात मासळी यायची, म्हणून तोंड उघडून कोणी बोलत नव्हतं.

त्या सकाळी काठावर सगळी वस्ती जमली. नारळ फुटला.

"मशीन मासे दाखवन बाबू, मंग धरन कोण? तुहं पुस्तक?" मोठीमाय म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

मशीनसाठी ट्रॅक्टरची बॅटरी आणलेली. तिच्या टोकांवर पांढरा थर चढला होता, अधिक-उण्याच्या खुणा दिसत नव्हत्या. खरवडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण सगळे बघत होते ना? मी अंदाजानं तारा जोडल्या. त्याच वेळी मोठीमायनं वाकून मशीनच्या काचेवर उडालेलं नारळाचं पाणी पदरानं पुसलं.

आत बारीक आवाज झाला. फट्. चमक उठलीच नाही.

"हात लावला अन् गेली!" मागून कोणीतरी म्हणालं. "मुहूर्तालेच विधवा बाईचा हात."

संस्थेचे अध्यक्ष रामाजीकाका माझ्याकडे वळले. "काय बाबू, तू तं सायन्स शिकून राहिला. असं होते का?"

लाल तार चुकीच्या टोकाला होती. फ्यूज उडाला होता. तोवर मला दोन्ही कळलं होतं — हे नीट लिहायला हवं — कळलं होतं. मी म्हणालो, "सांगता येत नाई, काका."

एवढंच. मी तिला दोष दिला नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! पण शिकणाऱ्या पोरानं ‘नाही’ म्हटलं नाही, याचा अर्थ लोकांनी काय घ्यायचा?

"आजच्या दिवस उतर वहिनी," रामाजीकाका म्हणाले. ती उतरली.

दुसऱ्या दिवशी मी बसनं पांढुर्ण्याला जाऊन नवा फ्यूज आणला. सौंसरलाही मिळाला असता, पण तिथला दुकानदार वडिलांच्या ओळखीचा होता. आजूबाजूला कोणी नाही असं बघून टोकं खरवडली, तारा नीट जोडल्या, आणि मग लोकांना बोलावलं. लाल चमक उठली. लोक ओरडले — "पाहा! ती नाई, तं चालली!"

मी दुरुस्त केलेली मशीन तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. तेव्हा तरी बोलायचं होतं. जळका फ्यूज माझ्या खिशातच होता.

तिला पुन्हा डोंग्यात घेतलं नाही. काठावर बसून ती दुसऱ्यांची जाळी विणू लागली. मला वाटलं होतं ती भांडेल. तिची जीभ काही साधी नव्हती. पण ती आईला म्हणाली, "मशीनले काय वैर हाय माह्याशी? माह्याच हातात काही असन." माझ्या बहिणीला मूल झालं, तेव्हा वस्तीतल्या बायका बाळाला आळीपाळीनं घेत होत्या. मोठीमाय दाराबाहेरूनच पाहून गेली.

आता मी एम.एस्सी.ला आहे. प्रयोगशाळेत बॅटरी जोडताना माझा हात अजून थांबतो. तारा तीन-तीनदा तपासतो. मित्र हसतात, सर म्हणतात मुलगा काळजीपूर्वक काम करतो. काय सांगू त्यांना?

यंदा सुटी संपवून निघताना मी ठरवून तिच्या दारात गेलो. सगळं सांगायचं होतं. आधी पाया पडावं म्हणून वाकलो, तर तिनं पाय मागे ओढून घेतले.

"परीक्षा हाय ना तुही," ती म्हणाली. "मले हात नोको लावू बाबू."

मी हात मागे घेतला. बस चुकेल म्हणालो, आणि निघालो.