पाणी न पिणाऱ्या बायका

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला मी अख्ख्या शाळेसमोर आडवी झाले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोकणातून सिल्वासाच्या शाळेत शिकवायला आले होते, लग्न व्हायचं होतं. लग्न न झालेल्या बाईला घेरी आली की लोकांना एकच कारण सुचतं. ते सुचलेलं मला प्रत्येकाच्या नजरेत दिसत होतं. तोंड लपवायला जागा नव्हती.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून बघितलं, बीपी फार लो निघालं. म्हणाले, मीठ-साखर घालून लिंबूपाणी घ्या, उठताना आधी जरा बसा, एका जागी फार वेळ उभं राहू नका. मग विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? मी मान खाली घातली आणि उपास असतात असं सांगितलं. त्यांनी उपास बंद केले. मी मुळात उपास करतच नव्हते.

खरं कारण असं की शाळेत संडास एकच, पुरुष शिक्षकांच्या खोलीला लागून, आणि त्याला आतून कडी नव्हती. मी, जवळच्या मसाट गावाहून येणारी खानदेशी बाई आणि आणखी एक, आम्ही तिघी सकाळच्या चहानंतर घरी जाईपर्यंत घसा ओला करत नसू. एकमेकींशीही त्याबद्दल कधी बोललो नाही.

पुढच्याच महिन्यात मी फळ्यापाशी कोसळले. हेडमास्तरांनी गावाहून दादाला बोलावून घेतलं. तो मला न्यायलाच आला होता.

"राजीनामा दे आणि चल," तो त्यांच्यासमोरच म्हणाला. "तुझ्यानं हे झेपत नाही."

नोकरी गेली तर माझं असं काय उरणार होतं? कानशिलं तापली, पण बोलले.

"सर, मला काही मोठं झालेलं नाही. इथे बायकांना जायला धड जागा नाही, म्हणून मी पाणी पीत नाही."

हेडमास्तर पेपरवेट फिरवत राहिले. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. मला दोघांकडेही बघवेना. शेवटी घसा खाकरून हेडमास्तरांनी सुताराला बोलवायला सांगितलं.

दादा एकटाच परत निघाला. मी त्याला सोडायला एसटी स्टँडवर गेले. आमची आई चुलीपासून उठताना भिंत धरायची, डोळे मिटून उभी राहायची. लहानपणी आम्ही दोघं तिची नक्कल करून हसायचो. परसाकडे ती पहाटे अंधारात जायची, ती मग एकदम दिवेलागण झाल्यावर.

गाडी लागली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आई दिवसा पाणी कधी प्यायची गं?"

मला आठवेना.