पालीला धोका कुणाचा?

चौथीला प्राण्यांच्या अधिवासाचा पाठ यंदा नुसता वाचून दाखवायचा नाही, असं मी ठरवलं. प्रत्येक गटानं एक प्राणी निवडायचा आणि शोधायचं: तो कुठं राहतो, काय खातो, त्याला धोका कुणाचा. प्रत्येक उत्तरापुढं ते कसं कळलं तेही लिहायचं. पुस्तकात वाचलं, कुणाला विचारलं, की स्वतः पाहिलं. "स्वतः पाहिलेल्याला सगळ्यात जास्त मान," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो तोरा पुढं मलाच भोवला.

एका गटानं गवा घेतला, कारण एकीच्या राधानगरीच्या आत्याच्या उसात गव्यानं धुडगूस घातला होता. मग मागच्या बाकावरच्या तिघी उठल्या. "बाई, आमी पाल घेनार. आपल्याच वर्गात हाय की!"

मला पालीची भीती वाटते. साधीसुधी नाही, पाल दिसली की हातपाय गार पडतात. मंगळवार पेठेतल्या या शाळेत मी कडक बाई म्हणून नाव कमावलंय, त्यामुळं ही गोष्ट मुलींपासून लपवलेली. मी म्हटलं, "त्यापेक्षा मोर घ्या की, किती देखणा!"

"मोर आमी कुटं बगितलाय? तुमीच म्हनलासा की, बगितल्यालं लिवा म्हनून," तिघींतली धिटुकली म्हणाली.

पाल फळ्याशेजारच्या जिल्ह्याच्या नकाशामागं राहायची. आठ दिवस तिघी मधल्या सुट्टीत वही घेऊन नकाशासमोर ठाण मांडून होत्या, आणि तासाला मी फळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून शिकवत होते. शेवटी एकदा शाळा सुटल्यावर मी शिपाईमामांना झाडू घेऊन बोलावलंच. पाल भिंतीच्या फटीत पळाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नकाशामागं हजर. वर्गात त्या वेळी कुणी नव्हतं, अशी माझी समजूत होती.

गटांनी केलेले तक्ते भिंतीवर लावले त्याच दिवशी केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. पालीच्या तक्त्यापुढं थांबून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "धोका कुणाचा? मांजर, कावळा, आमच्या बाई." त्यापुढं लिहिलं होतं: स्वतः पाहिलं.

वर्ग फिदीफिदी हसायला लागला. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "काय हो बाई, खरं आहे का हे?"

मला लाज वाटली आणि रागही आला. 'काहीतरीच लिहितात पोरी' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण ती धिटुकली हसत नव्हती. तोंडात पेन्सिल धरून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"खरं आहे, साहेब," मी म्हणाले. "मी पालीला फार भिते. झाडू मीच मागवला होता."

ती बाकावरून उठली, तक्त्याजवळ गेली आणि 'स्वतः पाहिलं'च्या पुढं नीट अक्षरात लिहिलं: बाईंना विचारलं.