चार नालायक उत्तरं

महिनाभर खपून तुम्ही शोधलेल्या उत्तरावर कुणी चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "इथं रस्ता बंद झाला. आता?" तर तुमच्याजवळ काय असेल?

आमचे सर हेच करायचे. वरूडच्या संत्राबागांचा नकाशा टेबलावर पसरलेला असायचा. कुठल्या बागेतला माल कुठल्या गाडीने कुठल्या बाजारात न्यावा, हे आमचा प्रोग्राम सांगायचा. मी खुशीत उत्तर दाखवायचे आणि ग्लास बरोबर माझ्याच रस्त्यावर येऊन बसायचा.

सर मूळचे बार्शीटाकळीचे. अकोल्याहून रोज अमरावतीला यायचे. कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नेमणूक नवी आणि धाकधूक जुनीच. मी त्यांच्याकडे एम.टेक. करत होते. निसर्गात जे चालतं तेच आम्ही कॉम्प्युटरमध्ये चालवायचो. शेकडो उत्तरं जन्माला घालायची, चांगल्यांच्या जोड्या लावायच्या, वाईट मारायची, की पिढ्यांमागून पिढ्या उत्तर सुधारत जातं. सरांचा हट्ट एकच. प्रत्येक पिढीत चार नालायक उत्तरं जिवंत ठेवायची.

"राहू दे पोरी, त्यायले मारू नको. सारेच एकासारखे झाले अन् उद्या बाजार बदलला, तं नव्या वाटेनं जाईन कोण?"

आमच्या विभागप्रमुखांना असल्या गोष्टींत रस नव्हता. लांडगा, वटवाघूळ आणि मुंगी त्यांच्या नावावर आधीच जमा होती. जुन्याच गणिताला नव्या प्राण्याचं नाव दिलं, की शोधनिबंध नवा. मेळघाटचं जंगल त्यांनी सेमाडोहच्या चहाच्या टपरीपर्यंतच पाहिलेलं. आता त्यांना अस्वल हवं होतं. सरांच्या प्रोग्रामला अस्वलाचं नाव द्यायचं, लेखकांत पहिलं नाव प्रमुखांचं, आणि ती चार नालायक उत्तरं काढून टाकायची, कारण त्यांच्यामुळे आलेख खडबडीत दिसतो. बदल्यात सरांच्या कायम जागेसाठी ते शब्द टाकणार होते.

"अस्वलाले विचारलं का तुमी?" सर म्हणाले.

मला हसू आवरलं नाही. प्रमुखांना आवरायची गरजच पडली नाही.

निबंध निघालाच, सरांना वगळून. शीर्षकात 'बदलत्या समस्यांसाठी' असं ठसठशीत. आत सगळी तपासणी मागच्या वर्षीच्या बाजारभावांवर. ते भाव तर कधीच मरून पडलेले, बदलणार काय होतं? ही चूक नव्हती हो. परीक्षकांनी हे तपासलं, मान डोलावली आणि पेढे खाल्ले. मग तोच प्रोग्राम वरूडच्या एका पॅकिंग शेडमध्ये बसवला.

ऐन हंगामात एका सकाळी हमालांचा संप झाला आणि मोठा बाजार बंद पडला. प्रोग्राममधली सगळी उत्तरं एव्हाना एकाच चेहऱ्याची झालेली. तो गाड्या त्याच बंद बाजाराकडे धाडत राहिला. प्रमुखांचा फोन लागेना. सरांना कुणी बोलावलं नव्हतं. मी सांगितलं, तसे ते मला घेऊन निघाले.

शेडमध्ये सडक्या संत्र्यांचा वास भरला होता. व्यापाऱ्याने कॉलेजातून आले म्हणून सरांनाच धरलं. "सर, तुमच्या मशीननं माती केली आमची." सर "हो" म्हणाले, कॉम्प्युटर घेऊन पोत्यावर बसले आणि ती चार नालायक उत्तरं प्रोग्राममध्ये परत सोडली. दुपारपर्यंत गाड्या दुसऱ्या बाजारांच्या वाटेला लागल्या. अर्धा माल वाचला, अर्धा उकिरड्यावर गेला.

परतताना मी चिडून विचारलं, प्रोग्राम तुमचा नाही हे सांगितलं का नाही?

"त्याले नाव नोतं पाहिजे पोरी. गाडी पाहिजे होती."

त्या जूनला सरांची नेमणूक आली नाही. प्रमुखांना शाल-श्रीफळ मिळालं आणि सत्काराच्या भाषणात वरूडचा उल्लेख यशस्वी प्रयोग म्हणून झाला. सर आता अकोल्यात बारावीच्या शिकवण्या घेतात. कॉलेजातल्या त्यांच्या खुर्चीवर अस्वलाचं भलंमोठं पोस्टर टेकवून ठेवलंय.

तुमच्या गावातही असे सत्कार होत असतील. पुढच्या वेळी टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि विचारा, ज्या दिवशी सगळं बदललं त्या दिवशी हे चालवून पाहिलं होतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.